एकशेवीस दिवस

साकीनाक्याच्या सतरा नंबरच्या गाळ्यात
मंदी आधी कानाला कळली.
पुठ्ठ्याला घड्या पाडणारं मशीन
दुपारी तीनलाच थांबू लागलं
आणि शेजारच्या लेथची घरघर
इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीतून स्पष्ट ऐकू आली.
मग तीही थांबली.

पेपरात बातमी यायला अजून दोन महिने होते.
आम्हा खोकेवाल्यांना आधीच समजतं
लोकांनी काय घ्यायचं थांबवलंय ते.
पहिल्यांदा मिक्सरची खोकी गेली,
मग बुटांची.
मिठाईची टिकली,
पण किलोची पाव किलोवर आली.

अशात भिवंडीहून एक ऑर्डर चालून आली.
चाळीस हजार नग.
दिरांनी समोरून पेढे मागवले,
झुबेरने मशीनला तेल घातलं, न सांगता.
कागदाच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं:
पैसे एकशेवीस दिवसांनी.

त्या रात्री एका फुकट गेलेल्या पुठ्ठ्याच्या पाठीवर
मी हिशेब मांडला.
कागद मिलला पैसे पंधराव्या दिवशी.
पगार सातला.
जीएसटी वीस तारखेला,
बिलाचे पैसे येवोत न येवोत.
वीज मंडळाला तर मंदी ठाऊकच नसते.
घैसासकाका चष्मा पुसत म्हणाले,
"वहिनी, नफा आहे हो यात.
फक्त तो बघायला आपण असू की नाही, एवढंच."

सकाळी मी फोन करून नाही म्हणाले.
"नाही" हा शब्द सासऱ्यांनी या टेबलावरून
चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाईकाला ऐकवला नव्हता.
दीर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
पेढे तसेच राहिले, कडेने कडक होत.

त्याच आठवड्यात तिसरं मशीन विकलं,
वसईच्या माणसाला, पडत्या भावात.
अजून पडण्याआधी.
फरशीत बोल्टची चार भोकं उरली.
ती बुजवायचं कुणी काढलं नाही, मीही नाही.

मग झुबेर आला. सिल्वासाला नोकरी मिळत होती,
पगार इथल्याहून चार हजारांनी जास्त, राहायला खोली.
"मॅडम, जाऊ का?"
तो नसला तर माझी डाय कोण बसवणार
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
मी म्हटलं, सहा महिन्यांचा पगार माझ्याकडे आहे.
सातव्या महिन्याचं मी तोंडाने देईन, पण ते खरं नसेल.
तो गेला.
अजूनही गोंद जास्त पसरला
की मीच त्याला फोन लावते
आणि तो तिकडून, कुणाच्या तरी मशीनच्या आवाजात,
ओरडून सांगतो: अर्धा आटा मागे, मॅडम, अर्धाच!

आता आम्ही घरातून केक विकणाऱ्या बायकांसाठी
आठ इंची खोकी करतो.
पंचवीस नग, कधी चाळीस.
मुलुंडची एक येते, स्कूटरवरून, पिठाळ हातांनी,
नोटा मोजून देते आणि विचारते,
झाकणाला खिडकी करता येईल का?
पहिल्यांदा सगळे हसले होते.
मी ते पैसे दुपारी कागदवाल्याला दिले
आणि त्याने पहिल्यांदाच मला खुर्ची दिली.

भिवंडीची ऑर्डर खालच्या मजल्यावरच्या पारेखांनी घेतली.
रात्री उशिरापर्यंत त्यांचे दिवे जळायचे,
टेम्पोमागून टेम्पो,
आणि मी जिन्यात थांबून
तो आवाज ऐकायची, खोटं कशाला बोलू,
आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात खेळताना ऐकावं तशी.

लोक मला शहाणी म्हणू लागलेत.
घैसासकाका तर पाहुण्यांना सांगतात.
पण तो पुठ्ठा अजून कपाटाच्या दारामागे आहे
आणि त्यावर मी रोज एक रेघ मारते.
आज शंभर झाल्या.

सकाळी पारेख जिन्यात भेटले.
चहा घेणार का म्हणाले.
त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.
त्यांनाही
माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं नसावं.